एम/९६ च्या नोंदी: एक स्वीडिश रायफल आणि तिची मापं

१६ नोव्हेंबर २०२४, वेस्टेरोस, स्वीडन

आज दुकानात ती हातात घेतली आणि तिथेच ठरवलं. गेवेर एम/९६, म्हणजे १८९६ साली स्वीडिश सैन्याने स्वीकारलेली माउझर जातीची लांब रायफल. पुढच्या कड्यावर मुकुट, त्याखाली 'कार्ल गुस्ताफ्स स्टाड्स येवेर्सफाक्तोरी' आणि साल १९०६. नॉर्वे आणि स्वीडन वेगळे झाले त्याच्या पुढच्याच वर्षीची. दस्ता अक्रोडाचा आहे. पुढे युद्धकाळात अक्रोड मिळेनासा झाला तेव्हा बीच लाकूड वापरायला लागले, त्यामुळे अक्रोड दिसला की जरा जास्त बघावंसं वाटतं.

नळी ७३९ मिलिमीटर लांब, पूर्ण रायफल सव्वा मीटरच्या वर, वजन चार किलोच्या आसपास. उभी धरली तर माझ्या छातीपर्यंत येते.

दुकानदाराने नाव लिहून बाजूला ठेवली. इथे प्रत्येक शस्त्रासाठी वेगळा परवाना लागतो. क्लबचं प्रमाणपत्र, पोलिसांकडे अर्ज, आणि परवाना हातात येईपर्यंत रायफल दुकानातच राहते. शस्त्रांचं कपाट एसएस ३४९२ दर्जाचं हवं, ते मी दोन वर्षांपूर्वी क्लबमध्ये आलो तेव्हाच घेतलं होतं. आईने फोनवर विचारलं, "घरात बंदूक कशाला रे?" तिला कपाटाचे फोटो पाठवले. तिचं पूर्ण समाधान झालेलं नाही, आणि तिची काळजी मला मान्य आहे.

८ फेब्रुवारी २०२५

परवाना आला. सकाळी जाऊन घेऊन आलो. बाहेर उणे सात, काचेवर बर्फ. रायफल पेटीतून काढली नाही, तीन तास तशीच खोलीत ठेवली, नाहीतर थंड लोखंडावर दव धरतं.

आज फक्त वाचन, अवजार लावलं नाही. दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळेची गोल चकती आहे, तीन भागांत विभागलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती शोभेची वाटते, पण तो या रायफलीचा आरोग्यदाखला आहे. एका भागात नळीच्या आतला व्यास, माझ्या रायफलीला ६.५१ मिमी. दुसऱ्या भागात नळीची अवस्था १, २ किंवा ३, माझी २. तिसऱ्या भागात, नवी टोकदार गोळी वापरली तर ती किती वर लागेल याचा आकडा, तिथे माझ्या चकतीवर खूण नाही. सैन्याच्या कारागिराने नळी तपासायची आणि निकाल दस्त्यावरच ठोकून ठेवायचा. पुढच्या माणसाला कागद शोधत बसायला नको.

दस्त्याच्या मागच्या लोखंडी पाटीवर 'आय १०' आणि पुढे क्रमांक. आय म्हणजे पायदळ, १० म्हणजे सोदरमानलांड रेजिमेंट, पुढे मुक्काम स्ट्रेंगनेस. कारखान्याच्या गावी, एस्किल्स्टूनात जन्मली, जवळच्याच रेजिमेंटमध्ये नोकरीला लागली, आणि जवळजवळ सव्वाशे वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आली. एवढ्या आयुष्यात ती मेलारेन तळ्याच्या आसपासच राहिली असावी. स्वीडन १८१४ नंतर कुठल्याच युद्धात उतरलं नाही, म्हणून या रायफली अशा राहिल्या. त्यांच्यावर चिखल आणि रक्त नाही, दर वर्षीच्या तपासणीच्या खुणा आहेत.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबा चौतीस वर्षं खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, शेवटची बरीच वर्षं टूलरूमच्या तपासणीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "चकती जवळ आण. अजून जवळ." मग बराच वेळ बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "माप मालावरच लिहिलंय. चांगली माणसं होती."

९ फेब्रुवारी

बोल्ट उघडला. पद्धत: बोल्ट चढवून सेफ्टीची कळ मधोमध उभी करायची, बोल्ट बाहेर काढायचा, मागचा भाग उलटा फिरवत सोडवायचा. स्प्रिंगसकट सगळं हातात येतं, कुठलंही अवजार लागत नाही. १८९० च्या दशकातल्या शेतकऱ्याच्या पोराला अंधारात, हातमोजे घालून करता यावं म्हणून ही रचना.

प्रत्येक भागावर क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे: ४१८. बोल्टवर ४१८, सेफ्टीवर ४१८, मागच्या नटवर ४१८, मॅगझिनच्या तळपट्टीवर, कड्यांवर, माशीच्या (नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या खुंटीच्या) बैठकीवर, स्क्रूंच्या डोक्यांवरसुद्धा. फक्त नळीखालचा गज वेगळा, त्यावर ०७२.

वहीत लिहिलं: गज सोडून सगळे भाग मूळ.

बोल्टच्या अंगाला लांबच लांब पट्टी आहे, ती बोल्टला सरळ ठेवते. म्हणूनच स्वीडिश बोल्ट तेल लावलेल्या ड्रॉवरसारखा सरकतो. कुलूपाचे खिळे पुढे दोन. नंतरच्या ९८ मॉडेलला मागे तिसरा आहे, तो इथे नाही. काडतुसाचा तळ फाटला तर येणारा वायू बाजूला वळवायची सोयही ९८ इतकी चांगली नाही. निष्कर्ष सरळ: या रायफलीमागे डोळ्यांवर चष्मा नसताना बसायचं नाही, आणि काडतुसात दारू जपून भरायची.

१५ फेब्रुवारी

नळी साफ केली. पहिल्या चिंध्या काळ्या आल्या, मग हिरव्यानिळ्या, म्हणजे आत तांब्याचा थर आहे. गज नेहमी मागून घालायचा, पुढून घातला तर नळीचं तोंड झिजतं आणि नेम तिथेच बिघडतो.

चूक झाली, तीही लिहून ठेवतो. तांबं काढायचं अमोनियाचं द्रावण आत लावून रायफल रात्रभर भिंतीला उभी ठेवली, तोंड वर. ते झिरपत मागे आलं आणि दस्त्याच्या मनगटाशी लाकडाला लागलं. सकाळी रुपयाएवढा फिका डाग. एकशे एकोणीस वर्षांत कुणी दिला नव्हता तो डाग मी एका रात्रीत दिला. यापुढे नियम: नळीत द्रावण असेल तर तोंड खाली, खाली चिंधी, आणि पंधरा मिनिटांत बाहेर.

डाग गेलेला नाही, आणि मन दिवसभर खट्टू होतं. १ मार्चची नोंद पहावी.

२२ फेब्रुवारी

आज काम काही नाही, पण ही नोंद सगळ्यात महत्त्वाची.

रायफलीविषयी वाचताना कार्ल एडवर्ड योहान्सन हे नाव समोर आलं. इंजिनियरिंग शिकताना 'जोहान्सन गेज' हे शब्द शंभरदा ऐकले होते, पण तो माणूस माझ्या दस्त्याशी जोडलेला आहे हे माहीत नव्हतं. योहान्सन एस्किल्स्टूनाच्या याच कारखान्यात तपासनीस होता. स्वीडनने माउझरची रायफल घ्यायचं ठरवलं तेव्हा १८९४ मध्ये तो जर्मनीत ओबर्नडॉर्फला, माउझरच्या कारखान्यात गेला. तिथे त्याने पाहिलं की प्रत्येक मापासाठी वेगळं गेज, म्हणजे माप तपासायचा नमुना, आहे. एक भाग, एक माप, एक गेज. अशा गेजांची कपाटंच्या कपाटं. तीच पद्धत एस्किल्स्टूनाला आणायची तर रायफलीआधी नुसती गेजं करण्यातच वर्षं जातील.

परतीच्या रेल्वेत त्याच्या डोक्यात आलं: प्रत्येक मापाचं गेज कशाला? थोडे ठोकळे असे करू की ते एकमेकांना जोडून हवं ते माप तयार होईल. १०२ ठोकळे, आणि त्यांतून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या पायऱ्यांनी सुमारे २०,००० मापं. ठोकळ्यांचे पृष्ठभाग इतके सपाट घासायचे की दोन एकमेकांवर सरकवले की चिकटतात, गोंद नाही, चुंबक नाही. ते घासायला त्याने घरी बायकोच्या शिवणयंत्राचं यंत्र बनवलं. १९२३ मध्ये तो अमेरिकेत हेन्री फोर्डकडे गेला, आणि त्याचे ठोकळे जगभरच्या कारखान्यांत पोचले.

आपल्याकडे त्यांना स्लिप गेज म्हणतात. आयटीआयला गेलेला प्रत्येक मुलगा ओळखतो. बाबांच्या टेबलावर सत्याऐंशीचा सेट असायचा, लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचांत. मी सहावीत असताना फॅमिली-डेला त्यांनी मला दोन स्लिपा चिकटवून दाखवल्या होत्या. एक धरली, दुसरी लटकत राहिली. मग बोटांचा घाम पुसायला त्यांनी लगेच पेट्रोलियम जेली आणि शॅमॉय काढलं, कारण घामाने गंज चढतो. मला तेव्हा ती जादू वाटली होती.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझी स्लिप तुझ्या बंदुकीच्या पोटातून आली." मी म्हटलं, "हो बाबा, याच रायफलीपायी." ते म्हणाले, "मग तिला कानस लावू नकोस."

तेव्हापासून या कामाचा नियम हाच. आधी मोजायचं. मोजल्याशिवाय काही काढायचं नाही, आणि जे परत बसवता येणार नाही ते करायचंच नाही.

१ मार्च

दस्ता. क्लबमधले एक ज्येष्ठ सभासद तरुणपणापासून या रायफली चालवतात. त्यांना डागाचा फोटो दाखवला. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: काचपेपर घरात असेल तर शेजाऱ्याला दे, आणि जवसाचं तेल आण.

काचपेपर का नाही, हे लिहून ठेवतो, कारण नव्या संग्राहकांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो. दस्त्यावर तपासनिसाची आद्याक्षरं मुकुटाखाली ठोकलेली आहेत. ती जेमतेम खोल आहेत. एकदा घासलं की अक्षरांच्या कडा गोल होतात, दोनदा घासलं की अक्षरं जातात. शिवाय लाकूड लोखंडाच्या पातळीखाली उतरतं आणि मग जोड बसत नाहीत. गुळगुळीत, चकचकीत एम/९६ मी दोन पाहिल्यात. दोन्ही पाहून वाईट वाटलं.

केलं ते एवढंच: कोमट पाण्यात किंचित साबण, पिळलेलं फडकं, मळ निघेपर्यंत. दोन दिवस वाळवलं. मग उकळलेलं जवसाचं तेल, अगदी चार थेंब, तळहाताने चोळून, लाकूड गरम लागेपर्यंत. वीस मिनिटांनी वरचं सगळं पुसून काढलं. रोज एकदा, पाच दिवस. फिका डाग आता जवळून पाहिलं तरच दिसतो. तेवढा राहू दे.

तेलाची चिंधी: गोळा करून टाकायची नाही. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून, बाहेर दोरीवर पसरून वाळवली.

३० मार्च

गुढीपाडवा. आज इथे घड्याळं एक तास पुढे गेली. गुढी बाल्कनीत उभी केली, श्रीखंड केलं. हत्यारांची पूजा दसऱ्याला असते, पाडव्याला नव्हे, पण रायफलीला तेल दिलं.

१२ एप्रिल

रेंज उघडली. बर्फ गेलाय, वाळूच्या बांधाशी अजून थोडा करडा उरलाय.

आधी काडतूसघराची तपासणी. क्लबच्या कारागिराकडे गो आणि नो-गो गेज आहेत. गो वर बोल्ट बंद झाला, नो-गो वर झाला नाही, म्हणजे माप बरोबर. बाबांना तिथूनच मेसेज केला. त्यांचं उत्तर: एक अंगठा.

१०० मीटर, बसून, टेबलावर टेकवून. कारखान्याची काडतुसं, १३९ ग्रेनची (९ ग्रॅम) टोकदार गोळी. पाच काडतुसं पट्टीतून अंगठ्याने खाली दाबली, पट्टी उडून बाजूला पडली. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या इंचाला जोर लागतो, कारण या रायफलीत स्प्रिंग बोल्ट बंद करताना चढते, उघडताना नाही. उघडणं हलकं, मिटणं जड. सवय व्हायला दहा फैरी लागल्या. धक्का फार कमी. ६.५ × ५५ काडतुसाची हीच ख्याती आहे, इथले शिकारी एल्ग नावाच्या मोठ्या हरणावर आजही तेच वापरतात.

'एल्ड उपहोर, पात्रोन ऊर' झालं, म्हणजे गोळीबार थांबवा आणि काडतूस काढा, आणि सगळे लक्ष्याकडे चालत गेलो. पाच भोकं पाच सेंटिमीटरच्या आत. पण काळ्या वर्तुळाच्या मधोमधपासून चोवीस सेंटिमीटर वर, कागदाच्या वरच्या कडेला.

शेजारच्या तरुणाने हळहळ व्यक्त केली. मला मात्र आनंद आवरत नव्हता. एकशे एकोणीस वर्षांची नळी, अवस्था २, आणि पाच गोळ्या एका वाटीत मावतील इतक्या जवळ. वर लागतात, हा नळीचा दोष नाही.

२६ एप्रिल

वर का लागते? मागच्या साइटचं सर्वांत खालचं माप ३०० मीटर आहे. त्याखाली नाहीच. पायदळाला शंभर मीटरच्या नेमाची गरज नव्हती. शिवाय साइट ज्या काडतुसासाठी खोदली ते जुनं एम/९४: गोल नाकाची १०.१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ७२५ मीटर. १९४१ मध्ये टोकदार, ९ ग्रॅमची, अधिक वेगवान गोळी आली, आणि तिचा मार्ग आणखी सपाट. चकतीचा तिसरा भाग त्या फरकासाठीच.

गोळी वर जात असेल तर माशी उंच करायची. मागच्या खाचेपासून माशीपर्यंतचं अंतर मोजलं, सुमारे ६५ सेंमी. १०० मीटरवर २४ सेंमी खाली आणायचं तर ०.२४ × ६५० ÷ १०० = १.५६ मिमी उंच माशी हवी. सैन्याने वेगवेगळ्या उंचीच्या माश्या बनवलेल्या आहेत, जुन्या बाजारात मिळतात. एक मिळाली.

किती उंच आहे हे विकणाऱ्याला सांगता येईना. कंपनीतल्या मेट्रोलॉजीच्या, म्हणजे मोजमापाच्या, खोलीतल्या सहकाऱ्याला विचारून, जेवणाच्या सुट्टीत, दोन्ही माश्या सरफेस प्लेटवर ठेवल्या. स्लिपांचा थर रचला, डायल त्यावर शून्य केला, मग माशीवर नेला. फरक १.४८ मिमी. ०.०८ कमी, म्हणजे १०० मीटरवर सव्वा सेंटिमीटर. चालेल.

स्लिपा चिकटवताना हात थरथरला, खरं सांगतो. खोलीत वीस अंश तापमान ठेवलेलं असतं. योहान्सननेही आपले ठोकळे वीस अंशालाच खरे मानले, आणि आज सगळं जग तेच मानतं.

जुनी माशी पितळी ठोक्याने, डावीकडून हलकेच सरकवून काढली. छोट्या पाकिटात, वर लिहून: मूळ, ४१८. फेकायची नाही.

१७ मे

नवी माशी, १०० मीटर: मध्यापासून दोन सेंटिमीटर वर. छान.

पण मन भरेना. ही रायफल ज्या कामासाठी केली, ते तिला अजून करू दिलेलं नव्हतं.

१४ जून

क्लबची ३०० मीटरची लेन मिळाली. मूळ माशी परत बसवली. काडतुसं हातभरणीची, १५६ ग्रेनची गोल नाकाची गोळी, जुन्या एम/९४ च्या वेगाजवळ ठेवलेली. वेगमापकावर सरासरी ७२२ मीटर. दारूचं वजन लिहीत नाही, प्रत्येक नळीचं वेगळं असतं आणि कुणी माझं उतरवून घेऊ नये.

झोपून, पट्टा दंडाला आवळून. मागची साइट ३०० वर, म्हणजे तळाशी. वारा डावीकडून, झेंडा अर्धा उठलेला. दहा फैरी.

दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा आधी विश्वास बसला नाही. आठ काळ्यात. दोन उजवीकडे, तो वारा आणि माझा हात. उंची बरोबर. १९०६ मध्ये एस्किल्स्टूनात कुणी तरी साइटवर '३' ठोकला होता, आणि त्याचा ३ आजही तीनशेच आहे.

२८ जून

बाबा आणि आई आले आहेत. रात्री साडेदहालाही उजेड असतो, आईला झोप लागत नाही.

आज बाबांना एस्किल्स्टूनाला नेलं. आधी राडेमाखरच्या लोहारशाळा, सतराव्या शतकातल्या, लाल रंगाच्या बुटक्या. मग नदीतल्या फाक्तोरीहोल्मर्ना बेटांवर, जिथे जुना बंदूक कारखाना होता. बाबा विटांच्या भिंतीला हात लावून उभे राहिले. म्हणाले, "इथे भोंगा कुठे असेल?" आम्ही वर पाहत राहिलो. पुढे याच कारखान्यात तयार झालेली, खांद्यावरून डागायची ८४ मिलिमीटरची कार्ल गुस्ताफ आपल्या सैन्यात आहे, हे त्यांना आधीच माहीत होतं. गावाचं नाव मात्र आज कळलं, असं म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बोल्ट मागितला. टेबलावर पांढरं फडकं पसरलं, टॉर्च आणि माझं भिंग घेतलं, भाग ओळीने मांडले. चहा गार झाला. आईने दुसरा केला, तोही गार झाला.

अर्ध्या तासाने त्यांनी मागचा नट माझ्यासमोर सरकवला. "हा बघ. मग बोल्ट बघ."

दोन्हींवर ४१८. मी म्हटलं, "तेच आहे बाबा."

"आठ बघ. बोल्टवरच्या आठात वरचं वर्तुळ लहान आहे. सेफ्टीवरही लहान. स्क्रूवरही. नटवरच्या आठात दोन्ही सारखी. हा वेगळ्या पंचने ठोकलाय. कारखान्यात एक भाग एका संचाने ठोकतात." मग भिंग मला दिलं. "पहिला नट गेला असेल. रेजिमेंटच्या फिटरने नवा बसवला, आणि त्यावर तिचाच क्रमांक घातला. आम्हीही करायचो."

मी पाहिलं. दोन्ही वर्तुळं सारखी होती.

वहीचं पान काढलं, ९ फेब्रुवारी. 'गज सोडून सगळे भाग मूळ' यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: मागचा नट नंतर बदललेला, बहुधा स्ट्रेंगनेसला. क्रमांक जुळवलेला. शोध बाबांचा, २८ जून २०२५.